फसलेले, तरी पुन्हा पाहावेत असे: महत्त्वाकांक्षी कल्ट भयपट आणि विज्ञानपट पाहायला सुरुवात कशी करावी

१९८३ सालच्या 'द कीप' या चित्रपटात एक दृश्य आहे. दुसरं महायुद्ध सुरू आहे आणि रुमानियातल्या एका प्राचीन गढीत जर्मन तुकडीने तळ ठोकलाय. गढीच्या भिंतींमध्ये जागोजागी धातूचे क्रूस बसवलेले आहेत. ते चांदीचे असतील या हावेने दोन सैनिक रात्री त्यातला एक उपसतात. मागचा दगड सरकतो, आणि एक जण कमरेला दोर बांधून त्या भगदाडात सरपटत शिरतो. पलीकडच्या टोकाला पोचून तो डोकावतो आणि कॅमेरा त्याच्यापासून मागे जायला लागतो. जातच राहतो. सैनिकाच्या दिव्याचा नुसता ठिपका उरतो, तेव्हा कुठे आपल्या लक्षात येतं की भिंतीपलीकडे केवढी अथांग पोकळी आहे. एक शब्दही न बोलता चित्रपटाने आपल्याला गढीचा खरा उपयोग सांगितलेला असतो: ती आत कुणी येऊ नये म्हणून बांधलेलीच नव्हती.

इतकं जबरदस्त दृश्य देणारा हा चित्रपट पुढे विस्कटत जातो. पात्रं कुठून कुठे पोचली ते कळत नाही, प्रेमप्रकरण दोन नजरांत उरकतं, आणि शेवटची झुंज धूर आणि प्रकाशझोतांत गुंडाळली जाते. तरी चाळीस वर्षांनंतरही लोक तो शोधून काढून पाहतात. असे मोजके पण निष्ठावान चाहते असलेल्या चित्रपटाला कल्ट म्हणतात.

अशा चित्रपटांची वाट नवख्या प्रेक्षकाला अवघड जाते. एक तर तो पहिल्याच घसरणीला कंटाळून उठतो, नाहीतर कुणीतरी 'दुर्लक्षित अभिजात कलाकृती' म्हटलं म्हणून प्रत्येक दोषाचं कौतुक करत बसतो. या दोन्हींपेक्षा चांगला मार्ग आहे. दोष दिसला की तो कुठून आला ते शोधायचं. स्टुडिओच्या कात्रीमुळे आला, पैसा आणि वेळ अपुरा पडला म्हणून आला, की चित्रपटाच्या मूळ कल्पनेतच होता? हे ओळखता आलं की तोच चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना वेगळा दिसतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिथवर पोचण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: काय निवडायचं

आधी एक गल्लत टाळा. पडलेला चित्रपट आणि फसलेला चित्रपट या वेगळ्या गोष्टी आहेत. जॉन कारपेंटरचा, क्रूर परग्रहवासी दाखवणारा 'द थिंग' २५ जून १९८२ ला आला, 'ब्लेड रनर'च्याच दिवशी. दोन आठवड्यांपूर्वी 'ई.टी.' लागला होता आणि लोकांना प्रेमळ परग्रहवासी हवा होता. समीक्षकांनी 'द थिंग'ला झोडपलं, गल्लाही जेमतेम जमला. पण आज तो पाहिला तर त्यात मोडकं असं फार काही सापडत नाही. तो चुकीच्या वेळी आलेला उत्तम चित्रपट आहे. तो जरूर पाहा, पण या अभ्यासासाठी तो उपयोगाचा नाही, कारण त्यात शोधायला फट नाही.

दुसरी गल्लत म्हणजे हसण्यासाठी पाहायचे टुकार चित्रपट. मित्रांबरोबर बसून खिल्ली उडवायला ते ठीक असतात. पण हलत्या भिंती आणि रबरी मुखवटे पाहून हसण्याची सवय लागली की महत्त्वाकांक्षी चित्रपटातलं साहससुद्धा हास्यास्पद वाटायला लागतं. सुरुवातीला तरी हे दोन छंद एकत्र करू नका.

निवडीची माझी कसोटी साधी आहे. या चित्रपटाला असं काय करायचं होतं, जे त्या वेळी दुसरं कुणी करत नव्हतं, हे एका वाक्यात सांगता यायला हवं. उदाहरण घ्या सॉल बास यांचं. चित्रपटांच्या श्रेयनामावल्या आणि पोस्टर यांना कलेचा दर्जा देणारा हा माणूस. पूर्ण लांबीचा चित्रपट त्यांनी एकच दिग्दर्शित केला: 'फेज फोर', १९७४. त्यात वेगवेगळ्या जातींच्या मुंग्या आपसातलं वैर सोडून एकत्र विचार करायला लागतात आणि वाळवंटातल्या एका प्रयोगशाळेत दोन शास्त्रज्ञ त्यांच्याशी संवाद साधू पाहतात. बास यांना मुंग्यांना राक्षस करायचं नव्हतं, पात्र करायचं होतं. सांगता आलं की नाही एका वाक्यात? मग चित्रपट घ्या. 'यात एक भूत आहे आणि ते लोकांना मारतं' यापलीकडे वाक्य जात नसेल, तर तो आत्ता बाजूला ठेवा.

दुसरी पायरी: कोणता कट

या प्रकारच्या चित्रपटांत ही पायरी चुकली तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे थोडा वेळ द्या. कट म्हणजे चित्रपटाची संकलित आवृत्ती, आणि एकाच नावाने असे दोन-तीन वेगळे चित्रपट फिरत असतात. आंद्झेई झुवावस्कीचा 'पझेशन' (१९८१) मुळात १२४ मिनिटांचा. त्यातल्या भूमिकेसाठी इझाबेल अजानीला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. अमेरिकेत मात्र तो कापून ८१ मिनिटांचा केला गेला. चाळीसहून अधिक मिनिटं गेलेली. तो तुकडा पाहून कुणी 'चित्रपट कळला नाही' म्हणालं तर त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

म्हणून प्ले करण्याआधी लांबी तपासा. तपासताना एक तांत्रिक बारकावा माहीत हवा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) असतो. युरोपात वापरल्या गेलेल्या पॅल पद्धतीच्या टीव्ही आणि डीव्हीडी प्रतींमध्ये तो सेकंदाला २५ चौकटींनी चालतो, म्हणजे सुमारे ४ टक्के लवकर संपतो. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत उरकतो, पण त्यातलं काहीही कापलेलं नसतं. टोबी हूपरच्या 'लाइफफोर्स'चा (१९८५) आंतरराष्ट्रीय कट ११६ मिनिटांचा आहे. जुन्या पॅल प्रतीवर तो १११ मिनिटांच्या आसपास दिसेल, घाबरू नका. पण १०१ मिनिटं दिसली तर तो अमेरिकेत लागलेला कापलेला कट, तो सोडा.

कोणता कट आधी पाहायचा यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत असं: दिग्दर्शकाने स्वतः नंतर पूर्ण केलेला कट उपलब्ध असेल तर तो आधी पाहावा. क्लाइव्ह बार्करच्या 'नाइटब्रीड'मध्ये (१९९०) खरे राक्षस माणसं आहेत आणि राक्षस म्हणवले जाणारे एक छळलेला समाज. स्टुडिओने तो कापला आणि जाहिरातीत साधा खुनशी थरारपट म्हणून खपवायला काढला. २०१४ मध्ये आलेल्या १२० मिनिटांच्या डायरेक्टर्स कटमध्ये तो समाज नीट उभा राहतो. याउलट, दिग्दर्शकाला बाजूला ठेवून कुणीतरी लांबवलेला कट असेल तर सावध राहा. डेव्हिड लिंचच्या 'ड्यून'ची (१९८४) टीव्हीसाठी वाढवलेली आवृत्ती निघाली तेव्हा लिंचने तिच्यावरून आपलं नाव काढायला लावलं. तिथे चित्रपटगृहातलाच कट पाहा. त्याला घाईघाईचा शेवट आहे, पण निदान तो त्या माणसाच्या नजरेतून आलेला आहे.

या नियमाला माझ्या लेखी एक ठळक अपवाद आहे: 'एलियन ३'. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा पटकथा पूर्ण झालेली नव्हती, आणि दिग्दर्शक डेव्हिड फिंचरचे स्वतःच्या या पहिल्याच चित्रपटात स्टुडिओशी इतके खटके उडाले की २००३ मध्ये निघालेल्या लांब 'असेंब्ली कट'मध्ये त्याने सहभागच घेतला नाही. तरी तोच कट पाहा. मूळ कटमध्ये अर्धवट सुटलेली कैद्यांची गोष्ट त्यात पूर्ण होते, आणि चित्रपट कशाबद्दल आहे ते कळतं.

तिसरी पायरी: पडदा आणि आवाज

हे पटकन. टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग असते, ती बंद करा. तिच्यामुळे जुना चित्रपट मालिकेसारखा दिसतो आणि कमी बजेटचे सेट उघडे पडतात. चित्र ताणून किंवा कापून पूर्ण पडदा भरणारी प्रत नको. खोलीत अंधार हवा, कारण हे चित्रपट काळोखात रंगवलेले आहेत आणि उजेडात त्यांचा निम्मा भाग दिसतच नाही. आवाजासाठी बरे हेडफोन पुरतात. 'द कीप'ला टँजरिन ड्रीमचं सिंथेसायझरचं संगीत आहे, 'एक्झॉर्सिस्ट २'ला एन्यो मोरिकोनेचं. दोन्हीकडे पटकथा जिथे अडखळते तिथे संगीत कथा पुढे नेतं. लॅपटॉपच्या स्पीकरवर ते हरवतं.

आणखी एक, हे गंभीरपणे घ्या. यातल्या बऱ्याच चित्रपटांत तीव्र हिंसा, रक्त आणि नग्नता आहे. 'एक्झॉर्सिस्ट २'मध्ये संमोहनाच्या यंत्राचे दिवे बराच वेळ लुकलुकतात. लुकलुकत्या प्रकाशाने ज्यांना फेफरं येण्याचा धोका आहे त्यांनी तो पाहू नये.

चौथी पायरी: पहिल्यांदा पाहताना

काही न वाचता पाहा. मध्ये थांबवू नका, शेवटपर्यंत बसा. वहीत दोनच गोष्टी टिपा. पहिली: आजवर कुठेच पाहिलं नव्हतं असं काय दिसलं? दुसरी: नेमक्या कोणत्या क्षणी चित्रपटावरचा विश्वास उडाला? 'मध्यंतरानंतर बोअर झाला' हे उत्तर चालणार नाही. कोणतं पात्र, कोणतं वाक्य, कोणतं दृश्य, आणि घड्याळात किती मिनिटं झाली होती, ते लिहा. पुढचं सगळं काम या दुसऱ्या नोंदीवर उभं आहे.

पाचवी पायरी: दोषाचा उगम शोधणं

आता वाचायला सुरुवात करा. निर्मितीची हकिगत, मुलाखती, डिस्कवरची समालोचनं. आणि तुम्ही टिपलेला तो क्षण तीनपैकी कोणत्या कारणात बसतो ते पाहा.

कात्रीचं कारण ओळखायला सगळ्यात सोपं. 'द एक्झॉर्सिस्ट ३' (१९९०) विल्यम पीटर ब्लॅटी यांनी स्वतःच्या 'लीजन' या कादंबरीवरून केला. त्यांचा चित्रपट म्हणजे एक थकलेला पोलीस अधिकारी आणि मनोरुग्णालयातला एक कैदी यांच्यातला, मृत्यू आणि श्रद्धा यांवरचा लांब संवाद. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमधलं एक दृश्य त्यात आहे, कॅमेरा दूरवर खिळलेला, परिचारिका या दारातून त्या दारात जाते, काही घडत नाही, आणखी काही घडत नाही. भयपटाच्या इतिहासात त्याच्या तोडीची दृश्यं मोजकी. पण नावात 'एक्झॉर्सिस्ट' आहे आणि पडद्यावर भूत उतरवण्याचा विधीच नाही, हे स्टुडिओला खपेना. मग शेवट नव्याने चित्रित झाला. त्यासाठी फादर मॉर्निंग नावाचा पाद्री कथेत घुसवला गेला. पाहताना लक्ष द्या: हा माणूस बाकीच्या पात्रांशी जवळजवळ बोलतच नाही. कुठेतरी वेगळीकडे त्याची तुकड्यांत ओळख करून दिली जाते आणि मग तो थेट शेवटी उगवतो. जोडकाम उघडं दिसतं. तुमचा विश्वास तिथे उडाला असेल, तर तो ब्लॅटींच्या चित्रपटावरचा उडालेला नाही.

२०१६ मध्ये व्हिडिओ टेपवर उरलेल्या चित्रणाचा आधार घेऊन मूळ रूपाच्या जवळ जाणारा कट निघाला. त्याची गंमत अशी की तो पाहिल्यावर स्टुडिओचा प्रत्येक बदल वाईटच होता असं म्हणता येत नाही. कैद्याच्या भूमिकेत ब्रॅड ड्यूरिफ मूळ कटमध्ये एकटा आहे. चित्रपटगृहातल्या कटमध्ये त्याच्याबरोबर पहिल्या 'एक्झॉर्सिस्ट'मधला जेसन मिलर आलटून पालटून दिसतो, आणि एकाच शरीरात दोन माणसं ही कल्पना त्यामुळे जास्त अंगावर येते. कात्री आणि ठिगळ यांतूनही कधी काही हाती लागतं, हे मान्य करायची तयारी ठेवा.

दुसरं कारण वेळ, पैसा आणि दुर्दैव. 'द कीप'च्या बाबतीत हे सगळं एकत्र आलं. दिग्दर्शक मायकल मॅनचा पहिला कट साडेतीन तासांचा होता, तो शेवटी ९६ मिनिटांवर आणला गेला. ही झाली कात्री. पण त्याआधीच संकलन चालू असताना दृश्यपरिणामांची धुरा सांभाळणारे वॉली व्हीव्हर्स वारले. 'टू थाउजंड वन: अ स्पेस ओडिसी'वर काम केलेला हा ज्येष्ठ तंत्रज्ञ. शेवटच्या झुंजीतले परिणाम कसे जुळवायचे याचा आराखडा त्यांच्या डोक्यात होता, आणि मागे राहिलेल्यांना ते काम अंदाजाने पुरं करावं लागलं. हे कळल्यावर तो धूर आणि ते प्रकाशझोत पुन्हा पाहा. शेवट कमकुवतच आहे, त्याला चांगलं म्हणायची गरज नाही. पण आता तुम्ही कल्पनेचा दुबळेपणा आणि हात अर्ध्यावर थांबल्याची खूण यांतला फरक पाहू शकता.

'इव्हेंट होरायझन' (१९९७) इथे फार शिकवतो, कारण त्यात कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. सात वर्षं बेपत्ता असलेलं अंतराळयान नेपच्यूनपाशी पुन्हा प्रकटतं. अवकाशाला घडी घालून प्रवास करणारं हे यान मधल्या काळात कुठे होतं, हा प्रश्न. पॉल डब्ल्यू. एस. अँडरसनने या यानाची रचना पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलवरून करून घेतली. कमानी, खांब, लांबच लांब मार्गिका, सगळं चर्चचं. झपाटलेल्या वाड्याची गोष्ट अंतराळात नेणारे पुष्कळ असतील, पण नरकाकडे जाणारं मंदिर म्हणून यान बांधणारा हाच. त्या उन्हाळ्यात येणारा 'टायटॅनिक' डिसेंबरवर ढकलला गेला आणि स्टुडिओला मोकळी तारीख भरायची होती, म्हणून संकलन घाईत उरकलं गेलं. चाचणी प्रदर्शनात प्रेक्षक रक्तपाताने हादरले आणि चित्रपट ९६ मिनिटांवर कापला गेला. कापलेला भाग नीट जपला गेला नाही, त्यामुळे लांब कट पूर्ण रूपात पाहायला मिळत नाही.

या हरवलेल्या भागाभोवती दंतकथा तयार झाली आहे की तो असता तर हा थोर चित्रपट ठरला असता. मला ते पटत नाही. पूर्वार्धात यान प्रत्येकाला त्याच्या अपराधाची आठवण करून देतं: आगीत मागे सोडलेला सहकारी, घरी राहिलेला मुलगा, आत्महत्या केलेली बायको. हीच चित्रपटाची खरी भीती. उत्तरार्धात ती सुटते आणि पाठलाग, स्फोट, हाणामारी सुरू होते. ही घसरण पटकथेतली आहे. आणखी रक्तपात जोडून ती भरून निघाली नसती. म्हणजे कात्रीने नुकसान केलं हे खरं, पण सगळा दोष तिच्या माथी मारता येत नाही. हे दोन्ही एका वेळी मनात धरता आलं की तुम्ही या छंदात बरंच पुढे आलात.

तिसरं कारण मला सगळ्यात मोलाचं वाटतं: दोष चित्रपटाच्या कल्पनेतूनच येतो, आणि गुणही तिथूनच.

डॅनी बॉइलचा 'सनशाइन' (२००७) पाहा. सूर्य विझत चाललाय, त्याला पुन्हा पेटवण्यासाठी आठ जणांचं पथक प्रचंड बॉम्ब घेऊन निघालंय. पहिले दोन तृतीयांश अप्रतिम. कप्तान सोनेरी पोशाखात सूर्याला सामोरा जातो आणि रेडिओवरून मानसोपचारतज्ज्ञ त्याला वाचवायचं सोडून विचारत राहतो, तुला काय दिसतंय? त्यानंतर काही वेळाने आधीच्या मोहिमेचा भाजलेला कप्तान हातात पातं घेऊन यानात शिरतो आणि चित्रपट खुन्याच्या पाठलागाचा होतो. बहुतेकांचा विश्वास इथेच उडतो, आणि 'शेवट स्टुडिओने बिघडवला असणार' असा तर्क केला जातो. पण दुसऱ्यांदा पाहताना त्या मानसोपचारतज्ज्ञावर नजर ठेवा. निरीक्षण कक्षात बसून तो दिवसेंदिवस जास्त प्रकाश मागतो, त्याची कातडी सोलवटत जाते. इतक्या प्रचंड तेजापुढे माणसाचं मन शाबूत राहील का, हा प्रश्न सुरुवातीपासून मांडलेला आहे. भाजलेला कप्तान त्याच प्रश्नाचं एक टोकाचं उत्तर आहे. कल्पना योग्य दिशेने निघाली होती. ती पडद्यावर आणताना पातं घेतलेला माणूस यापेक्षा वेगळं रूप सापडलं नाही. हा फरक कळला की शेवट आवडत नाहीच, पण तो उपरा वाटायचा थांबतो.

आणि मग 'एक्झॉर्सिस्ट २: द हेरेटिक' (१९७७). पहिला चित्रपट करण्याची संधी जॉन बूरमन यांनी नाकारली होती, कारण एका मुलीचा छळ पडद्यावर दाखवणं त्यांना पटलं नव्हतं. दुसरा भाग त्यांच्या हाती आला तेव्हा त्यांनी पहिल्याला उत्तर देणारा चित्रपट केला: दुष्टाव्याला चांगुलपणाचीच ओढ का वाटते? त्यासाठी त्यांनी टोळांची प्रतिमा घेतली. एकेकटा राहणारा टोळ गर्दीत इतरांना घासला जाऊ लागला की त्याचा स्वभाव बदलतो आणि तो टोळधाडीचा भाग होतो. हे खरं कीटकशास्त्र आहे. बूरमन विचारतात, या स्पर्शाने न बदलणारा एखादा टोळ असेल तर? भयपटाच्या उत्तरभागात हा प्रश्न विचारायला छाती लागते.

सुरुवातीच्या खेळांना प्रेक्षक हसले. बूरमननी धावपळ करून चित्रपट पुन्हा कापला, तरी फरक पडला नाही. हसण्यासारखं त्यात आहेच. संवाद ताठर, रिचर्ड बर्टन प्रत्येक वाक्य व्यासपीठावरून म्हटल्यासारखं म्हणतो, आफ्रिका स्टुडिओत उभारलेली आणि तिथल्या माणसांकडे पाहण्याची नजर जुन्या काळातली. पण बूरमनना वास्तव नकोच होतं, त्यांना पुराणकथा हवी होती. टोळाच्या नजरेतून दिसणारा तो उडता प्रवास आणि हास्यास्पद वाटणारे ते संवाद, दोन्ही त्याच निर्णयातून आलेत. एक वगळून दुसरं मिळालं नसतं.

सहावी पायरी: दुसऱ्यांदा पाहणं

मध्ये काही आठवडे जाऊ द्या. पहिल्या वेळेचा राग किंवा भारावलेपण ओसरायला हवं.

दुसऱ्यांदा पूर्ण चित्रपट पाहायलाच हवा असं नाही. तुमचा विश्वास उडालेला क्षण आणि त्याच्या आधीची वीसेक मिनिटं पाहा. आवाज बंद करून पाहा, मग नुसतं ऐका. 'फेज फोर'वर हा प्रयोग फार फळतो. केन मिडलहॅम यांनी चित्रित केलेल्या खऱ्या मुंग्या सुरुवातीला बराच वेळ एकट्याच पडद्यावर असतात आणि पुढेही दिसत राहतात, मेलेल्या सोबत्यांना ओळीत मांडणाऱ्या, विषाचा खडा एकीकडून दुसरीकडे सोपवत मरत जाणाऱ्या. आवाज बंद करून पाहिलं की हा मुंग्यांच्या बाजूने सांगितलेला चित्रपट आहे हे स्वच्छ दिसतं आणि शास्त्रज्ञांचे कोरडे संवाद अडचण वाटेनासे होतात. त्याचा शेवट तुटक वाटतो, कारण बास यांनी बांधलेली अखेरची चित्रमालिका स्टुडिओने काढून टाकली होती. ती २०१२ मध्ये सापडून दाखवली गेली. चित्रपट पाहून झाल्यावर ती वेगळी पाहा, आधी नको.

सातवी पायरी: इतरांचं म्हणणं

त्या काळची परीक्षणं वाचा आणि आजचे लेखही वाचा, पण दोन्हींवर भिस्त ठेवू नका. त्या वेळचा समीक्षक आठवड्यात पाच चित्रपट पाहून दमलेला होता. आजचा चाहता लहानपणी पाहिलेल्या चित्रपटाचं ऋण फेडत असतो. दिग्दर्शकाच्या मुलाखतीत खलनायक नेहमी स्टुडिओच असतो, म्हणून जमेल तिथे संकलकाची, छायाचित्रकाराची किंवा पटकथालेखकाचीही मुलाखत शोधा. काय कापलं गेलं याबद्दल ती माणसं जास्त नेमकं बोलतात.

आणि नाही म्हणायला शिका. काही चित्रपटांत कात्री शोधली, पैशाचा हिशोब मांडला, मूळ कल्पना तपासली, तरी हाती काही लागत नाही. 'लाइफफोर्स'बद्दल अनेकांचं हेच मत आहे. हॅलेच्या धूमकेतूत लपलेलं यान, माणसांचं चैतन्य शोषणारे परग्रहवासी आणि शेवटी लंडनभर पसरलेली साथ, असे तीन चित्रपट त्यात एकावर एक रचलेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. मला तो आवडतो, कारण हूपर कुठेही हातचं राखत नाही आणि त्या यानाच्या आतली पहिली पंधरा मिनिटं खरोखर परकी वाटतात. पण तुम्ही दोनदा पाहून तो बाजूला ठेवलात तर मी वाद घालणार नाही.

कुठून सुरू करायचं

'सनशाइन' आधी. तो सहज मिळतो, नवा दिसतो आणि त्यातला दोष बोट ठेवून दाखवता येतो. मग 'इव्हेंट होरायझन', रक्तपात झेपत असेल तर. नंतर 'एक्झॉर्सिस्ट ३'चे दोन्ही कट, आधी चित्रपटगृहातला. 'फेज फोर' आणि 'द कीप' यानंतर, कारण त्यांना धीर लागतो. 'एक्झॉर्सिस्ट २' सगळ्यात शेवटी ठेवा. सवय नसताना पाहिला तर तुम्हीही हसाल आणि टोळांचा प्रश्न हसण्यात बुडून जाईल.

पुढचा रस्ता याद्यांवरून शोधण्यापेक्षा एखाद्या तंत्रज्ञाचा माग काढत शोधा. डग्लस ट्रंबुलपासून सुरुवात करा. 'टू थाउजंड वन' आणि 'ब्लेड रनर'च्या दृश्यपरिणामांमागचा हा माणूस. १९८३ च्या 'ब्रेनस्टॉर्म'मध्ये त्याला दुसऱ्याचा अनुभव जसाच्या तसा प्रेक्षकाला द्यायचा होता, आणि त्यासाठी सेकंदाला ६० चौकटींची स्वतःची चित्रपद्धत वापरायची होती. ते जमलं नाही. चित्रीकरण पूर्ण होण्याआधी, नोव्हेंबर १९८१ मध्ये नायिका नॅटली वूडचा बुडून मृत्यू झाला आणि स्टुडिओ चित्रपट गुंडाळायला निघाला. ट्रंबुलने तो झगडून पुरा केला आणि त्यानंतर हॉलिवूडसाठी कथापट दिग्दर्शित केला नाही. साठ चौकटींच्या जागी उरली ती चित्राची रुंदी: साधे प्रसंग अरुंद चौकटीत, आणि यंत्रातून घेतलेले अनुभव सुरू झाले की चित्र एकदम रुंदावतं. काही प्रतींत हा फरक पुसून सगळं एका मापात बसवलेलं असतं. प्रत निवडताना एवढं एकच तपासा, आणि दिवे घालवून पाहायला बसा.